डावी बाजू

हंबीररावाचा गुडघा स्टेअरिंगला लागला. लागला म्हणजे मुरगळला वगैरे नाही, नुसता टेकला. पण गेल्या दसऱ्यापासून तो या गाडीत बसत होता आणि इतक्या दिवसांत त्याचा गुडघा तिथं एकदाही टेकला नव्हता. त्यानं खाली हात घालून चाचपलं. सीट पुढं सरकवलेली होती, चांगली तीन-चार बोटं. म्हणजे त्याच्यापेक्षा बुटका कोणीतरी इथं बसून गेला होता. नुसता बसला नव्हता. पाय पोचावेत म्हणून पाना घेऊन बोल्ट ढिले करायचे, सीट ओढायची, बोल्ट परत आवळायचे, एवढा सगळा उपद्व्याप त्यानं केला होता. गंमत म्हणून बसणारा माणूस एवढे कष्ट घेत नाही. गॅरेजच्या दारातून सकाळचं ऊन आत आलं होतं, सांगलीच्या रस्त्यावरून टांगे चालले होते, मागं नाथाजी मिस्त्री रॉकेलमध्ये प्लग धूत गुणगुणत होता, सगळं रोजच्यासारखंच चाललं होतं, आणि नेमकं तेच हंबीररावाला खटकलं. मनात पाल चुकचुकली ती तेव्हा. "मिस्त्री," त्यानं वळून न बघता विचारलं, "हितं कोण बसलं हुतं?" गुणगुणणं थांबलं. जरा वेळानं उत्तर आलं, "अण्णा बसले हुते. फोटो काढायचा हुता त्यास्नी." आणि गुणगुणणं परत सुरू झालं. अण्णा म्हणजे मालक, जिनपालअण्णा. बुटके होते खरे. पण हा मधला जरा वेळ कशासाठी लागला, हे हंबीररावाला कोण सांगणार होतं?

गाडी तशी काही राजेरजवाड्यांची नव्हती. लढाई संपल्यावर मिलिटरीचा माल लिलावात निघाला, त्यातून जिनपालअण्णांनी एक फोर्डचं इंजिन आणि चेसी उचलली होती. नाथाजीनं तिला घासून पुसून, पत्र्याचं नाक लावून, टप काढून शर्यतीची केली. सांगली-सातारा मोटार सर्व्हिसवाल्याला शर्यतीची गाडी कशाला, असं गावानं विचारून पाहिलं. अण्णा नुसते हसले. त्यांच्या वडिलांनी तालीम पोसली होती, पैलवान पाळले होते. यांना कुस्तीचं अंग नव्हतं, म्हणून यांनी मोटार पाळली, एवढाच फरक. कोल्हापूरच्या शर्यतीत हंबीरराव दुसरा आला तेव्हा अण्णांनी त्याला भर मैदानात खांद्यावर घेतलं होतं, आणि उंचीच्या फरकामुळं दोघंही पडता पडता वाचले होते. आता शिमगा झाला की साताऱ्याला यवतेश्वरच्या घाटात शर्यत होती. पुण्याचा कुठलासा मोटार क्लब, मुंबईच्या गाड्या, साहेब लोक. गाडी एक, म्हणून ड्रायव्हरही एकच. हंबीररावाशिवाय दुसरं नावच नव्हतं. दिवाळीनंतर कृष्णात अण्णांकडं कामाला आला आणि दुसरं नाव झालं. कृष्णात ब्रह्मदेशाच्या लढाईत चिखलातून लॉऱ्या चालवून सुटून आलेला. वय तिशीच्या आतलं. अंगानं बुटका. हंबीररावानं सीटवरून हात काढून घेतला आणि त्याच्या लक्षात आलं की आपण मघापासून त्याच एका शब्दाभोवती फिरतो आहोत.

बुटका असणं हा काही गुन्हा नव्हे. पण हंबीररावाच्या पोटात जे होतं ते कृष्णातबद्दलचं नव्हतंच. ते होतं स्वतःच्या डाव्या डोळ्याबद्दलचं. लढाईच्या दिवसांत पेट्रोल मिळेना तेव्हा बसच्या पाठीला कोळशाची भट्टी बांधून त्या ग्यासवर गाड्या चालवाव्या लागत. एका सकाळी भट्टीचं झाकण उघडताना आतून जाळाचा भपका आला. भुवई जळली, चार दिवस डोळ्यावर लोण्याची पट्टी होती, मग सगळं ठीक झालं. ठीक झालं असं त्यालाही वाटलं होतं. पण दोन वर्षांनी त्या डोळ्यापुढं धुकं उतरायला लागलं, पहाटेच्या कृष्णेवर असतं तसं, आणि उन्हं वर आली तरी ते हटेना. यंदाच्या थंडीत तर डाव्या अंगाचं जगच पुसल्यासारखं झालं. हंबीरराव अण्णांच्या साताऱ्याच्या बसवर ड्रायव्हर होता. त्यानं तोड काढली. आख्खी मान वळवून बघायचं, आणि लोकांनी विचारू नये म्हणून मान वळवताना तोंडात एखादं गाणं ठेवायचं. कंडक्टरला थट्टेच्या सुरात विचारायचं, "बघ रं गड्या, डावीकडं कुणी नवरीबिवरी हाय का?" कंडक्टर हसून सांगायचा, न्हाई दादा, गाढाव हाय. असं चाललं होतं. पेठ गावाच्या पुढं एकदा डोक्यावर बोचकं घेतलेली एक म्हातारी डाव्या बाजूनं रस्त्यावर आली, ती त्याला दिसलीच नाही. कंडक्टर ओरडला म्हणून गाडी वळली. म्हातारीनं शिव्या घातल्या, उतारूंनी म्हातारीला घातल्या, आणि हंबीररावानंही दोन घालून घेतल्या. त्या रात्री त्याला जेवण गेलं नाही. पण दुसऱ्या दिवशी तो गाडीवर हजर होता, कारण गाडीवर नसलेला हंबीरराव कसा असतो हे त्याचं त्यालाच माहीत नव्हतं. शिराळ्याकडं भावाच्या वाटणीत पडीक माळाचा तुकडा होता, तिथं तो कोण होता? कुणाचा तरी धाकटा भाऊ. इथं मात्र स्टँडवर त्याचं नाव घेऊन लोक जागा धरत.

म्हणजे कुणाला तरी कळलं होतं. सीट हा एक धागा झाला. आता तो ओढायला लागला तशी मागची सगळी वीण उसवत गेली. पंधरवड्यापूर्वी अण्णांनी दोघांना, आधी कृष्णातला आणि मग त्याला, माधवनगरच्या रस्त्यावर गाडी पळवायला लावली होती. स्वतः शेजारी बसले. कृष्णातच्या वेळी काय झालं ते हंबीररावानं पाहिलं नव्हतं. पण आपल्या वेळी काय झालं ते त्याच्या डोळ्यांसमोर, म्हणजे एका डोळ्यासमोर, स्वच्छ होतं. गिरण्यांच्या पुढं रस्ता मोकळा झाला तशी त्यानं गाडी सोडली, आणि सहज मान वळवून बघितलं तर अण्णा डोळे मिटून बसलेले! मांडीवर हात, मान ताठ, डोळे गच्च. भ्याले म्हणावं तर चेहऱ्यावर भीती नव्हती. झोपले म्हणावं तर गाडी वाऱ्यासारखी सुटली होती. तेव्हा तो मनात हसला होता. आता त्याला ते डोळे मिटणं आठवलं आणि कानशिलं तापली. ते दाखवणं होतं. तू असा चालवतोस, आंधळ्यासारखा, हे मालकानं त्याला तोंडानं न बोलता दाखवलं होतं. आणि उतरल्यावर काय विचारलं? रस्त्याबद्दल नाही, इंजिनाबद्दल नाही. "भाकरी किती खातोस रं अलीकडं? झोप लागती का?" हे काय ड्रायव्हरला विचारायचे प्रश्न झाले? आजारी माणसाला विचारतात तसं विचारलं. त्यानं "दोन" म्हणून सांगितलं होतं, आणि खात होता दीडच.

संशयाची ही विद्या हंबीरराव साताऱ्याच्या रस्त्यावर शिकला होता. प्रतिसरकारच्या धामधुमीत याच लाइनवर तो गाडी घेऊन जायचा. पोलीस विचारत, कोण कुठं उतरला? भूमिगत विचारत, पोलीस काय विचारत होते? तो दोघांना सांगे, मी समोर बघतो, मागं कोण बसलंय ते देवाला ठाऊक. दोघांचाही विश्वास बसत नसे. त्या दिवसांत चहाच्या दुकानात शिरलं आणि बोलणं एकदम थांबलं, की ते बोलणं आपल्याबद्दलच होतं असं समजून चालावं लागे. एकदा तसं झालं. तिघं जण बसले होते, त्याला बघून एकानं बशीत उगाच फुंकर मारली. हंबीरराव चहा न घेताच बाहेर पडला आणि आठवडाभर दुसऱ्या लाइनवर बदली मागून गेला. पुढं कळलं, की खबऱ्या म्हणून खरोखरच त्याचं नाव निघालं होतं, पायांच्या तळव्यांवर काठ्या बसायच्या त्या थोडक्यात चुकल्या. त्या फुंकरीनं त्याला वाचवलं होतं. तेव्हापासून आपल्या कानांवर त्याचा जेवढा भरवसा बसला तेवढा कुणा माणसावर बसला नाही. लढाई संपली, प्रतिसरकारवाले घरोघरी परत आले, सत्काराचे हार वाळून गेले, पण हंबीररावाचे कान काही मोकळे झाले नाहीत. आता तो रोज गॅरेजमध्ये शिरताना उंबऱ्याशी क्षणभर थांबायला लागला, पायताण झटकायच्या निमित्तानं. कृष्णात "या दादा" म्हणाला तर त्याला वाटे, एवढा गोड का? नाही म्हणाला तर वाटे, आता रामराम घालायचीही गरज उरली नाही याला.

आणि मग एक दिवस उंबऱ्याशीच त्याच्या कानांनी त्यांचं काम केलं. आत अण्णा आणि नाथाजी होते. अण्णांचा आवाज नेहमीच मोठा. हळू बोलायला गेले तरी रस्त्यावर ऐकू येई. "हंबीररावाला उतरवायचं. माझं ठरलं. पर त्येला आत्ता सांगायचं न्हाई, समजलं का मिस्त्री? आदल्या दिवशी सांगू." नाथाजी म्हणाला, "आवं पर अण्णा, निदान मनाची तयारी..." अण्णा म्हणाले, "तयारीबियारी काय न्हाई. आधी कळलं की मानूस खंगतं." हंबीरराव पायताण हातात धरून उभा होता. त्याला राग यायच्या आधी एक विचित्र समाधान वाटलं, आपले कान खरे ठरल्याचं. उतरवायचं. इतक्या वर्षांत त्यानं हा शब्द कितीदा तरी ऐकला होता: दारू पिऊन चालवणाऱ्या एकाला उतरवला, पैसे खाणाऱ्याला उतरवला, हात कापायला लागले म्हणून एका म्हाताऱ्या ड्रायव्हरला उतरवला. उतरवला की तो माणूस मग स्टँडच्या कट्ट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या बघत असतो, आणि चालवणारे त्याला उगाच भोंगा वाजवून नमस्कार करतात. तो आत गेला. दोघंही गप्प झाले. नाथाजीनं हातातल्या प्लगवर फुंकर मारली.

घरी लीलाबाई चुलीपुढं होती. तिला माहीत होतं. तिला सांगावं लागलं नव्हतं. डाव्या बाजूनं ती आली की नवरा दचकतो, हे तिनं थंडीतच ओळखलं होतं, आणि तेव्हापासून ती उजवीकडून येत होती. पण गोष्ट तोंडातून काढली नव्हती. हंबीररावानं तिच्या पाठीकडं बघत विचारलं, "तू नळावर कुनाला काय बोललीस का?" ती म्हणाली, "कशाचं?" तिनं भाकरी उलटली, फुगेपर्यंत वाट पाहिली, आणि मग वळून म्हणाली, "न्हाई बोलले. बोलायला पायजे हुतं. रोज गाडी सातारला पोचली का म्हणून जीव टांगून बसायचं, ते तरी टळलं असतं." ती रडली असती तर त्याला बरं वाटलं असतं. पण ती रडली नाही, आणि ती खोटं बोलत नाही हे त्याला दिसत होतं. त्यामुळं त्याचा संशय आणखी भडकला. बायको नाही म्हणजे उरले दोघंच. कृष्णात आणि नाथाजी. कृष्णातनं त्याला चालवताना पाहिलं असणार, मान वळवताना पाहिलं असणार. लढाईतून आलेली माणसं, त्यांना शत्रूची कच्ची बाजू हुडकायचंच शिकवलेलं असतं. हंबीररावाला आता घाटातली एकेक वळणं आठवत होती, आणि प्रत्येक वळणावर कृष्णात त्याच्या गाडीत बसून हसत होता. त्याला कृष्णातचा द्वेष वाटला. सरळ, उघडा द्वेष, आणि त्याची त्याला लाज वाटली नाही.

दुसऱ्या दिवशी साताऱ्याची फेरी संपवून, तोंडही न धुता, तो सायकल घेऊन माधवनगरला अण्णांच्या घरी गेला. ऊन उतरत आलं होतं. अण्णा जैन, घरी दिवस मावळायच्या आत जेवणं. त्यामुळं तो पोचला तेव्हा ते सोप्यावर पाटावर बसून भाकरी मोडत होते. त्यांची बायको, त्रिशलावैनी, आत-बाहेर करत होती. भिंतीवरच्या फळीवर एक नवा कोरा फोटो उभा केलेला होता: शर्यतीच्या गाडीत बसलेले अण्णा, डोक्यावर चढवलेला चष्मा, छाती फुगलेली. हंबीररावानं तो पाहिला. पण संशयानं एकदा घर केलं की त्याला पुरावा उलटा करून वाचता येतो. फोटो काढला म्हणजे मग कृष्णात त्या सीटवर बसलाच नाही, असं थोडंच ठरतं?

"ये ये. बस. जेवतोस?" अण्णा म्हणाले.

"जेवाय न्हाई आलो, अण्णा."

"मंग?"

"मला उतरवायचं ठरलंय नव्हं?" त्याचा आवाज त्यालाच अनोळखी वाटला. "तर ते त्वांडावर सांगायचं हुतं. आदल्या दिवसापत्तुर कशाला दडवायचं? इतकी वर्सं तुमच्या गाडीवर हाय मी."

अण्णांनी हातातला घास ताटात ठेवला. ओशाळल्यासारखे दिसले. "आरं तिच्या! तुला कुनी सांगितलं?"

म्हणजे खरंच होतं. एवढा वेळ मनाच्या कुठल्याशा कोपऱ्यात एक 'कदाचित' जीव धरून होता, तो आता गेला. हंबीररावाला पुढचं आवरलं नाही. "मला कोन सांगतंय? तुमीच सांगा, माज्या डोळ्याचं तुमास्नी कुनी सांगितलं? नाथाजीनं, का त्या कृष्णातनं? डाव्या डोळ्यानं दिसत न्हाई म्हणून आसंल, पर एका डोळ्यानं बी मी त्येच्यापेक्षा बरी चालवतो, अण्णा. माधवनगरच्या रस्त्याला तुमी डोळं मिटून माजी टिंगल केली. मी काय बोललो का?"

आत त्रिशलावैनींच्या हातातलं भांडं वाजायचं थांबलं. अण्णा त्याच्याकडं बघत राहिले, आणि त्यांच्या चेहऱ्यावरची ओशाळी छटा हळूहळू जाऊन तिथं दुसरंच काहीतरी आलं.

"कुनाचा डोळा?" त्यांनी विचारलं.

हंबीररावाचा हात डाव्या भुवईकडं गेला.

"आरं, उतरवायचं म्हंजी मैदानात," अण्णा हळू आवाजात म्हणाले. त्यांचा आवाज एवढा हळू होऊ शकतो हे हंबीररावाला माहीत नव्हतं. "घाटात तुला उतरवायचं म्हणत हुतो मी. पैलवान उतरवत्यात तसं. आमच्या आप्पांच्या तालमीत जोड ठरली तरी गड्याला आदल्या दिवसापत्तुर कळू देत नव्हते. आधी कळलं की त्यो खात न्हाई, झोपत न्हाई. म्हणून तर तुला भाकरी इचारली. आन डोळं मिटलं ते तुज्या हातासाठी मिटलं. उघड्या डोळ्यानं मानसाचा रुबाब दिसतो, मिटल्यावर हात कळतो. कृष्णातच्या वक्ताला वळणावर माजं डोस्कं दोनदा आपटलं. तुज्या वक्ताला वळण कवा आलं, कवा गेलं, पत्त्या न्हाई."

हंबीरराव खांबाला धरून खाली बसला. एकच शब्द होता. त्याच्या कानांनी तो अगदी बरोबर ऐकला होता, एक मात्राही इकडची तिकडं केली नव्हती. मोटारीच्या माणसानं मोटारीचा अर्थ लावला; बोलणारा तालमीतला होता. आतून त्रिशलावैनी दाराशी आल्या. त्यांना काय बोलावं ते सुचत नसावं, म्हणून त्या जे खरं होतं ते बोलल्या. "भावजी, तुमी घाटातनं सुखरूप यावं म्हणून मी गूळ सोडलाय. संक्रांतीपासनं." तिळगूळसुद्धा खाल्ला नसेल बाईनं, असं काहीतरी भलतंच हंबीररावाच्या मनात आलं, आणि त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मंग आता?" अण्णा म्हणाले. "तूच सांग. कोन?"

गेले कितीतरी दिवस तो हेच नाव दातांखाली रगडत होता. आता ते सहज बाहेर पडलं. "कृष्णात. वळणं जोरात कापतो, पर भीत न्हाई. वळणाच्या आधी पाय काढायला शिकवतो मी त्येला." बोलून झाल्यावर त्याला हलकं वाटलं. अगदी खरंखुरं हलकं. आपण एवढे मोठ्या मनाचे आहोत हे त्याला नव्यानंच कळत होतं, आणि ते कळणं गोड लागत होतं. शर्यत गेली तर गेली. कोल्हापूरचं कुणी पुसून टाकत नव्हतं. सकाळी गॅरेजमध्ये कृष्णातच्या पाठीवर थाप मारायची हेही त्यानं ठरवून टाकलं.

"आन सातारची गाडी?" अण्णा म्हणाले.

"तिचं काय?"

"चाळीस-पन्नास मानसं बसत्यात, हंबीरराव. बायाबापड्या. लेकरं." अण्णांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर हंबीररावाला भांडता आलं असतं. "तीबी एकाच डोळ्यानं चालवतोस न्हवं? आज आनलीस तीबी?"

"आज काय झालं न्हाई," हंबीरराव म्हणाला. पेठच्या पुढचं ते बोचकं त्याच्यासमोर आलं, बोचक्याखालची म्हातारी, तिचं उघडलेलं तोंड. त्यानं परत म्हटलं, "आजपत्तुर काय झालं न्हाई, अण्णा."

अण्णांनी त्याच्याकडं पाहिलं आणि मान खाली घातली. "उद्यापासनं न्हाई," ते ताटाला म्हणाले. त्यांनी तो शब्द वापरला नाही. त्याची आता गरज नव्हती.

ऊन अंगणाच्या भिंतीवर चढलं होतं, थोड्या वेळात तेही जाणार होतं. अण्णा आत बघून म्हणाले, "त्येला वाढ. दिवस हाय तवर खाऊन जाऊ दे." हंबीररावाला उठून जायचं होतं. पण जायचं कुठं, हे सुचेपर्यंत पाट मांडला गेला होता आणि तो त्यावर बसलाही होता. त्रिशलावैनींनी ताट आणून ठेवलं. भाकरी, आमटी, लोण्याचा गोळा. कुणाही पाहुण्याला ठेवतात तसा पाण्यानं भरलेला तांब्या डाव्या हाताला ठेवला. हंबीररावानं ताट पुढं ओढलं, मांडी नीट केली, आणि त्याचा कोपर कशाला तरी लागला. तांब्या आडवा झाला. पाणी सारवलेल्या सोप्यावरून अण्णांच्या पाटापर्यंत गेलं.

तिघंही त्या पाण्याकडं बघत राहिले. मग त्रिशलावैनी फडकं घेऊन वाकल्या आणि सगळं पुसून घेतलं. आत जाऊन त्यांनी तांब्या परत भरून आणला, आणि त्याच्या उजव्या बाजूला ठेवला.